सोन्याच्या पाच पट्ट्या

४ फेब्रुवारी

दादा,

पत्र फाडू नकोस. फाडायचंच असेल तर आधी वाच आणि मग फाड, म्हणजे फाडायला निदान कारण तरी मिळेल. फोन केला की माझा आवाज ऐकून तू ठेवतोस, आणि वहिनीला मध्ये घातलं की तिची दोन्हीकडून ओढाताण होते. म्हणून लिहितेय.

एका दमात सांगते, लांबण लावली तर धीर सुटेल. सहा वर्षांपूर्वी आपल्या विहिरीच्या पाण्याची मी जी चाचणी केली, ती चुकीची होती. पाण्यात पारा आहे असं मी ज्याच्या जोरावर सांगितलं, त्यात काही अर्थच नव्हता. मी चुकले, दादा.

झालं लिहून. आता सविस्तर.

गेल्या सोमवारची गोष्ट. आमच्या प्रयोगशाळेत काचसामान धुणाऱ्या मावशी आठ दिवस रजेवर होत्या, त्यामुळे धुतलेल्या नळ्या संपल्या होत्या. मला तर सोन्याचं नवं पाणी शुद्ध पाण्याबरोबर ताडून बघायचं होतं. कपाटात तुझी पेटी होती. तू फुंकून दिलेल्या चोवीस नळ्यांपैकी बारा त्या दिवशी अंगणात वापरल्या, बारा तशाच राहिल्या. सहा वर्षं पेटी उघडली नव्हती. उघडायची छाती नव्हती म्हण. सोमवारी उघडली. नळीत शुद्ध पाणी घातलं, वर सोनं घातलं, आणि बघते तर निळं!

तुला तेव्हा समजावलं होतं ते आठवतंय का? सोनं फार बारीक केलं की ते पिवळं राहत नाही, पाण्यात डाळिंबाच्या रसासारखं लाल दिसतं. त्या कणांवर मी असं काहीतरी लावते की पारा भेटला की ते एकमेकांना चिकटतात, आणि चिकटले की लालाचं निळं होतं. अख्ख्या हौदात मोहरीएवढा पारा असला तरी कळतो. पण शुद्ध पाण्यात पारा यायचा कुठून? मी सोनं बदललं, पाणी बदललं, चष्मा पुसला. निळं ते निळंच. तेवढ्यात मावशी कामावर हजर झाल्या आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

"ताई, ह्या नळ्या कोणी धुतल्या?"

"ह्या धुवाव्या लागत नाहीत मावशी, माझ्या भावाच्या हातच्या आहेत."

"भावाच्या असोत नाहीतर देवाच्या. इथली एकेक नळी माझ्या हाताखालून गेलीय, ही पेटी सोडून. तुम्हीच म्हणाला होतात, हिला हात लावायचा नाही."

मी स्टुलावर बसले ती बसलेच. आपल्या घरच्या तापमापकांच्या कारखान्याची रीत, दादा! काच बाहेर पडण्याआधी तिची शेवटची बुडी पातळ गंधकाम्लात, मग उलटी टांगून वाळवायची, म्हणजे तिच्यावर धुरकटपणा येत नाही. भरणाऱ्याने भरण्याआधी तीनदा धुवायची. बाबा हे प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावायचे, आणि मी आठ वर्षांची असताना त्यांच्यामागे उभी राहून पोपटासारखं म्हणायचे. तशीच दुसरी गोष्ट. आम्ल लागलं तरी सोन्याचे कण असेच गोळा होतात, हे माझ्या विषयातलं अगदी पहिलं पान. ह्या दोन्ही गोष्टी ठाऊक असलेलं माणूस एकच होतं, ते म्हणजे मी, आणि माझ्याच डोक्यात त्यांची कधी गाठ पडली नाही. ह्याला काय म्हणायचं?

सहा वर्षांपूर्वी अंगणात शुद्ध पाणी मी माझ्या सोबत आणलेल्या नळीत घातलं होतं, ते लाल राहिलं. विहिरीचं पाणी मात्र मुद्दाम तुझ्या नळ्यांत घातलं. तुझा मान म्हणून! बाराच्या बारा निळ्या झाल्या. मग मला कुठला दम निघतोय? तुझ्याच कारखान्यातला लाल रंग घेऊन विहिरीच्या झाकणावर 'पाणी पिऊ नये' लिहिलं आणि गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले. तू म्हणालास, "तुला सोनं निळं झालेलं दिसलं, माझं तोंड काळं झालेलं दिसत नाही." मी म्हणाले, विज्ञान तोंड बघत नाही. त्या वेळी माझी जीभ कशी झडली नाही कोण जाणे.

आता तुला पुन्हा फसवायचं नाही, म्हणून हेही लिहिते. माझी चाचणी खोटी ठरली म्हणजे पाणी चांगलं, असं होत नाही. पाणी कसं आहे हे आजही मला ठाऊक नाही. मोठ्या यंत्रावर तपासायला मी तेव्हा एक बाटली मागितली, तू दिली नाहीस, आणि मीही पुन्हा मागितली नाही. बापाच्या वळणावर गेलोय आपण दोघं.

सोबत रिकामी बाटली आहे. मावशींनी तीनदा धुतलीय, मी बघत उभी होते. भरून पाठवशील? नाही पाठवलीस तरी चूक तुझी नाही.

तुझी,
ठिणगी

२१ फेब्रुवारी

दादा,

बाटली आली! सोबत चिठ्ठी नाही, चिटोरं नाही, पण बाटली आली. मी ती छातीशी धरून जिना चढले, तर वर आमचे साहेब उभे. त्यांना वाटलं काहीतरी स्फोटक आहे.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. मी ह्या वेळी इतकं फुंकलंय की मावशी वैतागल्या. एकाच वेळी धुतलेल्या, एकाच रांगेतल्या नऊ नळ्या घेतल्या. एकीत शुद्ध पाणी, दोनांत मी स्वतः मोजून पारा घातलेलं पाणी, सहांत आपल्या विहिरीचं. पारा घातलेल्या दोन निळ्या झाल्या. बाकीच्या सात लाल. मी पाच मिनिटं थांबले, अर्धा तास थांबले, जेवून आले. लालच. तरी विश्वास बसेना म्हणून उरलेलं पाणी शेजारच्या विभागात मोठ्या यंत्रावर दिलं. तिथल्या बाईंना मी फक्त एक आकडा लिहून दिला होता. विहीर कुणाची, भाऊ कोण, काही सांगितलं नव्हतं. त्यांनी संध्याकाळी कागद हातात ठेवला. पारा सापडला नाही.

पाणी स्वच्छ आहे, दादा. वहिनी सहा वर्षं कोपऱ्यावरच्या नळावरून घागरी वाहत होती, त्या माझ्यामुळे. तिचे पाय धरायला मला तोंड नाही. एका बाटलीवर सगळं सोडायचं नाही, म्हणून महिन्याने आणखी एक पाठव. तोवर मी मनात तरी ढोल वाजवून घेते.

माझी बाजूही सांगते, दया म्हणून नाही, तुला कळावं म्हणून. आपल्या विहिरीवर मी जो निबंध छापला होता, तो मागे घेतला. साहेब म्हणाले, "अहो, सहा वर्षांपूर्वीचं, कोण विचारतंय?" मी म्हटलं, माझा भाऊ विचारतोय. बढतीच्या यादीतलं नाव गेलं, पण झोप परत आली. सोबत सही-शिक्क्याचं पत्र आहे, 'माझी चाचणी चुकीची होती' असं स्पष्ट लिहिलेलं. गिऱ्हाइकांना दाखव, शेजाऱ्यांना दाखव, हवं तर दारावर चिकटव.

आता एक विचारते. विचारू की नको असा दोन दिवस खल केला. बाटलीवर डकवलेल्या लेबलावर 'विहीर' असं लिहिलंय. अक्षर तुझं आहे, वेलांटीचा तो गर्विष्ठ फराटा जगात दुसऱ्या कुणाचा नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा आनंदाने रडले, दादाने स्वतःच्या हाताने लिहिलं म्हणून. मग भिंग घेतलं. दादा, प्रत्येक रेघ करवतीसारखी दातेरी आहे. ज्या हाताने तू केसाएवढ्या नळीवर अंशांच्या खुणा काढायचास, त्या हाताची ही रेघ?

तुझा हात थरथरतोय का? कधीपासून?

ठिणगी

६ मार्च

दादा,

हे पत्र तुझ्या नावाने आहे, पण वहिनी वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे. वहिनी, एकही शब्द गाळू नकोस. त्याला राग आला तरी वाच.

वहिनीचं चार पानी पत्र मिळालं. तुला न विचारता लिहिलंय म्हणते, तेव्हा तिच्यावर डाफरू नकोस. हात दोन वर्षांपासून थरथरतोय. शर्टाची बटणं ती लावते. हिरड्या दुखतात, झोप लागत नाही, ओळखीच्या माणसाचं नाव ऐन वेळी आठवत नाही, आणि कुणी दारात आलं की तू आत निघून जातोस. चिडचिडही वाढलीय म्हणे, पण ती मी धरत नाही, ती तुझी जन्मजात आहे. डॉक्टर म्हणाले वय झालं. अठ्ठावन्न म्हणजे वय होय रे?

तिने आणखी एक लिहिलंय, ते मी तीनदा वाचलं. मी भांडून निघून गेले त्या आठवड्यात तू कारखान्याची विहिरीकडची खिडकी फळ्या ठोकून बंद केलीस. झाकणावरची माझी अक्षरं नजरेला पडू नयेत म्हणून. तेव्हापासून सकाळी आठ ते संध्याकाळी सात तू त्या खोलीत, दार लोटून, शेगडी पेटवून, जुने तापमापक दुरुस्त करत बसतोस.

दादा, त्या खोलीची जमीन फळ्यांची आहे. तिथे आजोबांच्या वेळेपासून पारा सांडतोय. आपण लहानपणी त्याचे मणी कागदावर गोळा करायचो, आणि फटीत गेले की बाबा म्हणायचे, "गेला तो गेला, दुसरा घे." पण तो गेला नाही. पारा तिथेच राहतो आणि हळूहळू हवेत येतो. दिसत नाही, वास नाही. खोली गरम असली की जास्तच. खिडकी उघडी होती तोवर वाऱ्याने जायचा. ती बंद झाली, आणि ती बंद झाली माझ्यामुळे.

मी साप साप म्हणून भुई धोपटली. साप असलाच तर तो घरात आहे.

"असला तर" असं लिहिलंय, बघ. मला खात्री नाही आणि ह्या वेळी खात्री असल्याचं सोंग मी करणार नाही. पत्र वाचून मी वहिनीला फोनवर खोलीचं बोलले, त्यावर तू काय म्हणालास ते तिने कळवलंय. "तिला सांग, एकदा माझी विहीर बुडवलीस, आता खोली बुडवायला येऊ नकोस." बरोबर आहे तुझं. एकदा बोंब मारून तोंडघशी पडलेल्या बाईने दुसऱ्यांदा कुठल्या तोंडाने सांगायचं? म्हणून मी सांगणारच नाही. तू शोधून काढ.

सोबत पाच लहान डब्या आहेत. प्रत्येकीत काचेची बोटभर पट्टी, तिच्यावर सोन्याच्या कणांचा पातळ थर. पारा सोन्याला भेटला की सोडत नाही, हे तुला मी काय शिकवायचं. हवेतला पारासुद्धा ह्या थरावर येऊन बसतो, थराचा रंग केसभर सरकतो, आणि माझं यंत्र ते मोजतं. तू काय करायचंस, डब्यांवर तुझ्या मनाला येतील ते आकडे घाल. पट्ट्या घरात हव्या तिथे ठेव. एक तरी डबी अजिबात उघडू नकोस. मला फसवता येईल तेवढं फसव. आठ दिवसांनी सगळ्या बंद करून परत पाठव आणि कुठली कुठे होती ते सांगू नकोस. मी फक्त आकडे कळवेन. जुळलं नाही तर मला खोटारडी म्हण आणि विसरून जा.

एकच विनंती, तेवढे आठ दिवस तरी खिडकीची एक फळी काढ. नको? बरं, नको. पण दार उघडं ठेव. दादा, मला भीती वाटतेय.

ठिणगी

२८ मार्च

दादा,

पट्ट्या मिळाल्या. प्रत्येक डबीला तू दोऱ्याच्या तीन तीन गाठी मारल्यास, त्या सोडवायला मावशींना बोलवावं लागलं. म्हणाल्या, "भाऊ तुमच्यावर भलताच खूश दिसतोय."

प्रत्येक पट्टी तीनदा मोजली. मधल्या वेळी क्रम बदलून मावशींनीच हातात दिल्या, म्हणजे माझ्या डोळ्यांनी मनाचे खेळ खेळू नयेत. निकाल असा.

एक नंबरवर काही नाही. चार नंबरवर काही नाही. तीन नंबरवर अगदी थोडं, काळजी करावी इतकं नाही. दोन नंबर इतका भरलाय की माझ्या मोजपट्टीच्या पलीकडे गेला. आणि पाच नंबर मोजपट्टीच्या निम्म्यापर्यंत, पण तोही पुष्कळ आहे. फार पुष्कळ.

कुठली कुठे होती मला ठाऊक नाही. कदाचित तू दोन नंबर मुद्दाम पाऱ्याच्या बाटलीत ठेवून माझी गंमत केली असशील. केली असशील तर देव तुझं भलं करो, मी नाचेन. नसेल केली, तर दोन आणि पाच जिथे होत्या तिथे तू बसू नकोस. वहिनीलाही जाऊ देऊ नकोस. झाडू मारू नका, झाडूने पारा आणखी बारीक होऊन उडतो. तिथले कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नका. खिडक्या उघडा.

सोबतच्या पत्त्याच्या चिठ्ठीवर कामगारांचे आजार बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंचं नाव आहे, तुमच्यापासून दोन तासांवर. दिवसभराची लघवी एका बरणीत जमवून न्यायची. तुझा चेहरा मला दिसतोय. जमव. आणि ऐक, हे महत्त्वाचं आहे. असा पारा अंगातून निघून जातो. माणूस त्या हवेतून बाहेर पडला की हात बहुतेकांचे सुधारतात, महिने लागतात, पण सुधारतात. वय झालं असतं तर मी काही करू शकले नसते. हे वय नसेल, तर ही चांगली बातमी आहे, दादा.

उत्तर दे. शिवी दे, पण दे.

ठिणगी

३ एप्रिल

ठिणगे,

दादा सांगतोय, वहिनी लिहितेय.

एक नंबर उघडलाच नव्हता. चार नंबर दोरीला बांधून विहिरीत सोडला होता, तुझी खोड मोडावी म्हणून. तीन स्वयंपाकघरात. दोन माझ्या बाकाखाली. पाऱ्याच्या बाटलीत ठेवला नव्हता, तेवढा हलकट मी नाही.

पाच नंबर झोपायच्या खोलीत ठेवला होता. तिथे काही निघणार नाही ह्याची मला खात्री होती. मला तुला तिथेच पकडायचं होतं. पण तिथे खुंटीवर माझा कामाचा कोट असतो. रोज संध्याकाळी तो मी तिथे टांगतो आणि त्या खुंटीखाली हिची उशी असते.

मी माझं काय ते बघून घेतलं असतं. पण हिची उशी.

फळ्या आजच काढल्या. कोट अंगणाबाहेर आहे. उद्या सकाळी दोघं तुझ्या डॉक्टरीणबाईंकडे निघतोय, दोन बरण्या घेऊन. बसमध्ये कुणी विचारलं तर सरबत म्हणून सांगणार आहे.

(वहिनी स्वतःचं लिहितेय. कोट बाहेर फेकताना हे रडले. मी लग्नानंतर पहिल्यांदा बघितलं. तू काळजी करू नकोस, मला काही होत नाहीये. पण तू फोन कर, आता उचलतील.)

७ एप्रिल

दादा, वहिनी,

फोनवर मी नुसती रडले, त्यामुळे कामाचं लिहायचं राहिलं.

डॉक्टरीणबाईंशी बोलले. दादा, तुझा आकडा वाईट आहे, तो तुला त्यांनी सांगितला आहेच. वहिनीचा वाढलेला आहे, पण वेळेत सापडला असं त्या दोनदा म्हणाल्या. मी त्यांना दोनदा म्हणायला लावलं. वहिनीला औषधही लागणार नाही, फक्त त्या हवेपासून लांब राहायचं. दादा, तुला गोळ्या घ्याव्या लागतील आणि दर महिन्याला बरणी. सरबतवाला म्हणून तुझी तिथे ख्याती झालीय, नर्सने मला सांगितलं.

पारा उचलणारी माणसं सरकारी खात्यातर्फे येतील. ती जमिनीच्या फळ्या काढतील. बाबांचं बाक बहुतेक वाचणार नाही, त्याच्या लाकडात पारा मुरला असेल. मला ठाऊक आहे मी काय लिहितेय ते. बाबांच्या कोपरांचे खळगे आहेत त्या बाकावर. तरी जाऊ दे, दादा.

आणि एक ऐक. तू फोनवर म्हणालास, "तू बरोबर होतीस." नव्हते. विहीर स्वच्छ होती, दुसऱ्या बाटलीनेही तेच सांगितलं, आणि मी ती घाण म्हणाले. आता घरात पारा सापडला म्हणून माझं जुनं पाप धुतलं जात नाही. मला बरोबर ठरायचं नाहीये. तू बरा झालास की पुरे.

ठिणगी

३० जून

ठिणगे,

हे पत्र मी स्वतः लिहितोय. आज तिसरा दिवस. रोज एक परिच्छेद लिहितो, मग हात दमतो आणि ही पेन काढून घेते. अक्षर कोंबडीच्या पायांचं आहे, पण कोंबडी आता सरळ चालते, असं डॉक्टरीणबाईंचं म्हणणं आहे. आकडा निम्म्याच्या खाली आला. हिचा तर उरलाच नाही म्हणायला हरकत नाही. काल मी शर्टाची तीन बटणं लावली. चौथ्याला शिवी दिली आणि तेही लागलं.

माणसं आली, तोंडाला नळकांडी लावून चार दिवस खपली. फळ्या उचलल्यावर खाली काय होतं सांगू? नुसते मणीच मणी, फटीफटीतून ओघळ. मुकादम म्हणाला, सगळं मिळून मोठी वाटी भरली. मी दारात उभा राहून बघत होतो. आपले आजोबा, बाबा, मी, तिघांच्या हातून सांडलेलं. बाबा शेवटी शेवटी सही करताना दोन्ही हातांनी पेन धरायचे, आठवतं? आपण त्यांना हसायचो. बाक गेलं. मी त्यांना अडवलं नाही.

एक गोष्ट मी सहा वर्षं कुणाला सांगितली नाही, आज तुला सांगतो. मी सगळ्यांना म्हणत आलो की कारखाना बहिणीने बुडवला. तुझी ती अक्षरं झाकणावर यायच्या आधीच वर्षभर गिऱ्हाइकं गळत होती. दवाखान्यांनी पाऱ्याचे तापमापक घेणं बंद केलं होतं, सगळ्यांना ते बटण दाबलं की आकडे दाखवणारे हवे होते. शेवटच्या मोठ्या ऑर्डरला नकाराचं पत्र आलं, ते तू येण्याच्या तीन दिवस आधी. ते माझ्या खिशात होतं. तू ओरडलीस आणि मला हायसं वाटलं ग. बोट दाखवायला कुणीतरी मिळालं. मग त्या बोटाच्या हट्टापायी मी खिडकी ठोकली, घरात कोंडून घेतलं आणि हिला घागरी वाहायला लावल्या. तू चुकीची चाचणी केलीस हे खरं. पण बाटली द्यायला काय जात होतं माझं? त्याच वर्षी कळलं असतं.

आता इकडचं. खोलीला नवी जमीन घातलीय, फरशीची, फट नसलेली. दोन्ही खिडक्या उघड्या असतात. कॉलेजच्या प्रयोगशाळेतले लोक येऊन गेले, त्यांना साध्या काचकामाला माणूस हवं आहे, नळ्या, चंबू, वाकड्या तोंडाच्या बाटल्या. पाऱ्याचा थेंब नाही. म्हणाले, हात पूर्ण बरा झाला की सांगा, तोवर थांबतो. मी सांगितलं डिसेंबर. ही म्हणाली मार्च. भांडण चालू आहे.

मुकादमाने जाताना त्यांच्या यंत्राने हवा मोजली आणि कागद दिला, खोली चांगली आहे म्हणून. शिक्काबिक्का सगळं आहे. पण मी अजून आत पाऊल टाकलेलं नाही, आणि हिलाही टाकू दिलेलं नाही. मुकादमावर माझा विश्वास नाही असं नाही, भला माणूस आहे. पण तो मला ओळखत नाही, मी त्याला ओळखत नाही, आणि एकदा चुकल्यावर स्वतःचं नाव कागदावरून मागे घेताना मी त्याला पाहिलेलं नाही. तुला पाहिलंय. तेव्हा तुझ्या पट्ट्या लागल्याशिवाय मी त्या खोलीत जाणार नाही, हे नक्की.

पाच पुरेत. पोस्टाने पाठवू नकोस. घेऊन ये.

दादा